किनाऱ्याकडे येणारा वारा

तुडीलच्या बौद्धवाडीत, जानकीबाईच्या पडवीवर, चैत्र लागल्यापासून एकच विषय चालला होता आणि तो म्हणजे वारा. आता सावित्री नदीच्या काठी राहणाऱ्या माणसाला वाऱ्याचं कसलं आलंय कौतुक? इथला माणूस पाण्याकडे बघतो. पाणी कुठवर चढलं, गढूळलं की निवळ आहे, वर घाटमाथ्यावर किती कोसळतोय, ह्यातच त्याचा अर्धा जन्म जातो. पण जानकीबाईच्या लेकीला, दीक्षाला, रजा काढून कुठेतरी जायचं होतं, आणि जायचं होतं ते अशा खेळासाठी की ज्याला पाण्याइतकाच वारा लागतो.

खेळाचं नाव काइटसर्फिंग. जानकीबाई त्याला दर्यातला पतंग म्हणायची. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला पडवीएवढा पतंग. पतंगानं वाऱ्यात जोर धरला की माणूस पाण्यावरून घसरत सुटतो. दीक्षा हे गोव्याला जाऊन शिकली होती, आणि चांगली शिकून झाल्यावर मग घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे त्या दिवशी घरात आकांत व्हायचा. ज्या घरातला मुलगा पुरात गेला त्या घरातली मुलगी पाण्यावर खेळायला जाते म्हणजे काय? वाडीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. जानकीबाईनं मात्र ब्र काढला नाही. उलट काही दिवसांनी तीच विचारायला लागली, वारा कुठनं येतो गो, कधी सुटतो, किती दिस ऱ्हातो.

दीक्षाला वाटलं, आईनं मन मोठं केलं. कसलं मोठं नि कसलं काय! जानकीबाईला खेळाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला तिचा प्रितम पाहिजे होता.

प्रितम म्हणजे दीक्षाचा थोरला भाऊ. महाडला टेम्पो चालवायचा. एकवीस सालचा पूर आला तेव्हा तो बाजारपेठेत अडकला होता, पण अडकला होता तो दुसऱ्या मजल्यावर, सुखरूप. तिथं गप बसून राहिला असता तर आज पडवीवर बसून बहिणीची थट्टा करत असता. पण समोरच्या घरात एक म्हातारं जोडपं राहिलं होतं. हा पठ्ठ्या दोर बांधून पाण्यात उतरला. म्हातारीला काढली. म्हाताऱ्याला आणायला परत गेला, आणि मग वर दोर धरलेल्या माणसांच्या हाताला तो नुसताच आला. लोकांनी डोळ्यांनी बघितलं. जानकीबाई त्या वेळी तुडीलला होती, चारी बाजूंनी पाणी, फोन बंद. तिला कळलं तेव्हा पूर ओसरून गेला होता.

मग शोधाशोध झाली. महाडपासून खाली दासगाव, तुडील, आंबेत, थेट बाणकोटच्या खाडीच्या मुखापर्यंत माणसं होड्या घेऊन फिरली. प्रितम सापडला नाही. खाडीच्या मुखाशी सगळे थांबले आणि म्हणाले, दर्यात गेला. आतल्या मुलखातल्या माणसाचं हे असंच असतं. नदी त्याच्या ओळखीची, खाडीही ओळखीची, उन्हाळ्यात भरतीचं पाणी दारापर्यंत वर येतं तेही त्याला ठाऊक. पण दर्या म्हटला की तो हात टेकतो. दर्यावर आपलं कोण आहे? विचारायचं कुणाला? सगळ्यांनी माना हलवल्या आणि माघारी फिरले, आणि त्या फिरण्यात कुणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

जानकीबाईनं मात्र ते मानलं नाही. ती रडली नाही. वाडीत कुणी गेलं की जलदान विधी करतात, म्हणजे वाडीचे बौद्धाचार्य येतात, घरची माणसं तांब्यातलं पाणी धारेनं वाटीत सोडतात, गाथा चालू असतात, वाटी भरून सांडते, आणि गेलेल्याला जे द्यायचं ते देऊन होतं. मग माणसं जेवतात, आपापल्या घरी जातात. प्रितमचा जलदान विधी झालाच नाही. बौद्धाचार्य बुद्धरत्न गुरुजी दर आषाढात यायचे, चहा घ्यायचे, आणि जाता जाता म्हणायचे की वहिनी, आता उरकून घेऊ. ती म्हणायची, ज्याला मी बघितला नाय त्याला पाणी कसं सोडू? गुरुजी मोठे समजूतदार. त्या वर्षी दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत. भावकीतली माणसं मात्र मागं कुजबुजायची की बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

तिची वाट बघायची एक रीत होती. भरती आली की ती काठावर जायची. खालचं पाणी वर येतंय म्हटल्यावर खालचं काही वर येईल, इतकाच तिचा हिशेब. पुराला पाच वर्षं होत आली तरी तिचं जाणं चुकलं नव्हतं. येताना पदरात वाळकी लाकडं घेऊन यायची, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला बरं. दीक्षाला ते कळत होतं. दीक्षा विचारत नव्हती.

आणि मग ह्या पतंगानं घोळ घातला. झालं असं की एका रविवारी नूतन पडवीवर येऊन बसली होती. नूतन ही दीक्षाची मैत्रीण, दोघी महाडच्या एमआयडीसीत एकाच कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. नूतनचं घर पोलादपूरच्या वर डोंगरावरच्या वाडीत, घरी गुरंढोरं, आणि पोरगी अशी बोलकी की मुक्याला बोलायला लावील. दीक्षा तिला ह्या खेळाचा पहिला नियम समजावत होती. म्हणाली, जागा निवडताना आधी वाऱ्याचं तोंड बघायचं. जमिनीवरून दर्याकडे जाणारा वारा असेल तर पाण्यात उतरायचंच नाही, तो माणसाला बाहेर घेऊन जातो आणि परत यायची सोय राहत नाही. वारा पाहिजे तो दर्याकडून तिरका किनाऱ्याकडे येणारा. मग दोरी तुटो, फळी सुटो, काही होवो, वारा तुम्हाला परत काठाला आणून टाकतो.

जानकीबाई उंबऱ्यात बसून आमसुलांसाठी रातांबे फोडत होती. तिचा हात थांबला.

तिनं विचारलं, आपल्या दर्यावर आषाढात वारा कुठनं असतो? दीक्षानं मान वर न करताच सांगितलं, “आषाढात? दर्याकडून आत. पण तेव्हा पाण्यात उतरतंय कोण, आये?”

झालं. पुढचं जानकीबाईला ऐकूच गेलं नाही. प्रितम आषाढातच तर गेला होता. म्हणजे वारा आत येणारा होता. म्हणजे बाणकोटच्या मुखातून तो बाहेर पडला असेल तरी वाऱ्यानं त्याला परत आणलं असणार, कुठल्या तरी काठाला, कुठल्या तरी गावाला. आणि आपण मेले मुखाशीच थांबलो! बेशुद्ध असेल, आठवण गेली असेल, कुणी कोळ्यानं घरात ठेवून घेतला असेल. असं कुठं होत नाही का? त्या दिवशी तिनं रातांबे तसेच टाकले आणि भरतीची वेळ नसताना काठावर जाऊन बसली.

तरीही बाई धोरणी. एका तोंडाचं ऐकून भागायचं नाही म्हणून तिनं खात्री करून घेतली. चैत्र सरता सरता नूतनच्या भावाचं, नीलेशचं लग्न होतं. जानकीबाई एरवी लग्नाकार्याला जायची बंद झाली होती, पण ह्या लग्नाला आपणहून निघाली. दीक्षाला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तिनं आईला नवं लुगडं नेसवलं, पोलादपूरपर्यंत गाडीनं आणि पुढं डोंगराच्या रस्त्यानं जीपनं नेलं. मांडवात जानकीबाई बसली ती नूतनच्या बापाजवळ, आबाजीजवळ. आबाजीचा सगळा जन्म गुरांमागं डोंगरावर गेलेला. आहेराची, जेवणाची, मुलाच्या नोकरीची चार वाक्यं झाल्यावर तिनं हळूच विचारलं, की भाऊ, आषाढात तुमच्याकडं वारा कुठनं लागतो?

आबाजीला लग्नाच्या गडबडीत कुणीतरी आपल्या डोंगराबद्दल विचारतंय ह्याचाच आनंद झाला. त्यानं हात लांब करून पश्चिम दाखवली. म्हणाला, दर्यावरनं येतो तो थेट आमच्या अंगावर. घरावर कौलं ठरत नाहीत, वर धोंडे ठेवावे लागतात. गुरं त्याच्याकडं पाठ करून उभी राहतात. दर्या जे काय सोडतो ते सगळं इकडंच ढकलतो बघा. हे शेवटचं वाक्य आबाजीनं बोलायच्या ओघात टाकलं होतं. पण जानकीबाईनं ते पदरात बांधून घेतलं. येताना जीपमध्ये ती दीक्षाशी हसून बोलली, आणि दीक्षानं त्या रात्री नूतनला फोन करून सांगितलं की आई सावरतेय.

इकडं सुट्टीचा प्रश्न तसाच लोंबकळत होता. कारखान्यात रजेचा कायदा असा, की शिमगा आणि गणपती सोडून मागाल ती रजा घ्या, कारण त्या दोन सणांना सगळं कोकणच रजा मागतं. तेव्हा महिन्याची अडचण नव्हती. अडचण वाऱ्याची होती. नूतनही बरोबर निघणार होती, आणि दोघींपुढं दोन जागा होत्या. एक गोवा, पण माघात. तिथं दुपार झाली की खारा वारा सुटतो, पण लहरी, आला तर आला, नाहीतर फळी उशाला घेऊन झोपा. दुसरी जागा रामेश्वरम, आणि तिथं जायचं ते आषाढात. आपल्याकडं आभाळ फाटलेलं असतं तेव्हा तिकडं कोरडं ऊन असतं आणि वारा दिवसभर हटत नाही. शिवाय बेट आहे, त्यामुळे किनारे दोन. एका किनाऱ्याला वारा आत येतो, दुसऱ्याला बाहेर जातो, आपला आपण बघून घ्यायचा. नूतन आषाढाच्या बाजूची होती. दीक्षाचा पाय अडकत होता तो आषाढाच्याच नावाला. त्या महिन्यात आईला घरी एकटीला टाकून जायचं तिच्या जिवावर येत होतं, आणि हे आईसमोर बोलताही येत नव्हतं.

तर अशा वेळी जानकीबाईनं तिसरीच जागा काढली. म्हणाली, लांब कशाला जाता? आपला हरिहरेश्वर हाय, श्रीवर्धन हाय. आषाढातच जा नि तिथं करा तुमचा पतंग.

नूतन हसत सुटली. म्हणाली, मावशी, आम्हाला सुट्टीला धाडताय की कायमचं? दीक्षानं समजावलं. आषाढात आपला दर्या बंद असतो, होड्या वर ओढलेल्या असतात, नारळी पुनवेपर्यंत कोळीसुद्धा पाण्याला पाय लावत नाही. वारा आत येतो हे खरं, पण तो वारा नव्हे, ते वादळ. लाट माणसाला खडकावर आपटील. जानकीबाई सगळं ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच यायची. वारा तर आत येतो ना? मग झालं तर. गोव्याचं नाव काढलं की तोंड फिरवायची. रामेश्वरमचं काढलं की म्हणायची, तिकडं आपलं काय हाय?

असं आठवडाभर चाललं आणि दीक्षाची सहनशक्ती संपली. कारखान्यातून दमून यायचं आणि घरी आलं की पुन्हा हरिहरेश्वर. शेवटी एका संध्याकाळी ती वैतागून म्हणाली की मला कुठंच जायचं नाही, रजा नको नि सुट्टी नको, आता हा विषय बंद. आणि उठून आत निघाली.

जानकीबाईनं तिचा हात धरला. धरला तो असा घट्ट की दीक्षाला वळावंच लागलं.

“तू पाण्यात नको उतरू गो बाय,” जानकीबाई म्हणाली. “पतंग पण नको नेऊ. नुसती काठानं चाल नि विचार. आषाढात वारा आत येतो, तूच सांगतेस. पडला माणूस तरी काठाला आणून टाकतो, ह्ये पण तूच सांगतेस. मंग त्यानं माझ्या प्रितमला कुठं आणला असंल ना? आपुन मुखाच्या पुढं बघितलंच नाय. कोणच गेलं नाय पुढं.”

दीक्षा आईसमोर खाली बसली. आई वारा का विचारत होती, लग्नाला का गेली, हरिहरेश्वर का, हे सगळं तिला एकाच वेळी कळलं, आणि ते कळल्यावर आधी तिला स्वतःचाच राग आला. आपल्या तोंडच्या गोष्टीनं आपण ह्या बाईच्या गळ्यात नवी आशा अडकवली. आता ती काढायची कशी? खोटं बोलता आलं असतं. येत्या आषाढात जाते म्हणून सांगायचं, जाऊन यायचं, कुणी काही बघितलं नाही म्हणायचं. जानकीबाईनं ते मानलं असतं आणि पुढचा वारा धरून बसली असती. 

“मी गेले होते, आये,” ती म्हणाली.

आणि मग तिनं सांगितलं. त्याच पावसात, पूर ओसरल्यावर, सगळी तरणी पोरं महाडला घराघरांतला चिखल उपसायला जायची. दीक्षाही तेच सांगून घरातून निघायची. चिखल तिनं उपसला, नाही असं नाही. पण मधूनच ती खाली जायची, खाडीच्या अल्याड बाणकोट नि वेळास, पल्याड हरिहरेश्वर, तिथून वर श्रीवर्धनपर्यंत. आईला आज सुचलं ते लेकीला तेव्हाच सुचलं होतं. फोनवर प्रितमचा फोटो उघडायची, ज्याच्या त्याच्यासमोर धरायची. देवळापाशी, जेट्टीपाशी, सरकारी दवाखान्यात, पोलीस चौकीत. लोक चांगले होते. कुणी चहा दिला, कुणी छत्री दिली. फोटो मात्र कुणी ओळखला नाही.

एका गावात एक म्हातारा कोळी ओसरीवर जाळं विणत बसला होता. दर्या बंद, म्हणून घरी. त्याला दीक्षानं विचारलं की वारा आत येतोय, मग काठाला काहीच कसं आलं नाही? म्हाताऱ्यानं जाळं बाजूला ठेवलं, तिला शेजारी बसवून घेतलं. इतकी माणसं भेटली पण बसवून घेणारा तो एकटाच.

“त्यानं मला सांगितलं,” दीक्षा म्हणाली, “की पोरी, वारा वरच्याला लागतो. होडीला लागतो, लाकडाला लागतो, पोहणाऱ्याला लागतो. जो खाली गेला त्याला वारा लागत नाय. आणि त्या पुरात पाणी कमी नि माती जास्त होती, आये. जो खाली गेला तो मातीतच राहिला. बहुतेक आपल्याच नदीत. दर्यापर्यंत गेलाच नाही तो.”

  बाहेर भरतीची वेळ झाली होती आणि दोघींनाही ते माहीत होतं. जानकीबाईनं विचारलं, “तवाच का नाय सांगितलंस?”

“तू वाट बघत होतीस. मला वाटायचं, घरात कुणीतरी त्याची वाट बघतंय तोवर बरं. माझी तर बघून संपली होती.”

तेव्हा जानकीबाईनं जो हंबरडा फोडला तो वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत गेला. पाच वर्षांचं रडणं होतं ते, सोपं का होतं? बायका धावत आल्या. कुणाला वाटलं साप चावला, कुणाला वाटलं दीक्षाचं काही झालं. पडवीवर बघतात तर मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडताहेत. शर्मिला नावाची शेजारीण, जी सगळ्यांत जास्त कुजबुजायची, तिनंच जाऊन चूल पेटवली आणि भात टाकला. त्या दिवशी जानकीबाई काठावर गेली नाही.

नंतरचे काही दिवस तिचे वाईट गेले. जेवायची नाही, अंथरुणातून उठायची नाही. दीक्षानं कारखान्यात कळवून घरीच राहायचं ठरवलं. आपण खरं सांगितलं हे बरं केलं की पाप केलं, हे तिला ठरवता येईना. आईच्या जगण्याला जो एक टेकू होता तोच आपण काढून घेतला, असं तिला सारखं वाटायचं. तिनं नूतनला सांगून टाकलं की ह्या वर्षी सुट्टीचं काही नाही, तू दुसरं कुणी बघ. नूतनसारखी बोलकी पोरगी, पण ती फोनवर नुसती हुं म्हणाली.

आणि मग एका सकाळी जानकीबाई उठली, आंघोळ केली, पांढरं लुगडं नेसली आणि बुद्धरत्न गुरुजींच्या घरी गेली. गुरुजी दात घासत अंगणात उभे होते. तिनं सांगितलं की बुद्धपौर्णिमेला विहारातला कार्यक्रम झाला की आमच्याकडं या, प्रितमचं जलदान करायचं आहे. गुरुजींनी चूळ भरली. काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, की वहिनी, मी येतो.

पौर्णिमेला पडवीवर सतरंज्या पडल्या. भिंतीशी बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्याजवळ प्रितमचा फोटो, पुढं मेणबत्त्या. बाजूला दीक्षाचा बाप दत्ताराम, जो पोरं लहान असतानाच गेला, त्याचाही फोटो शर्मिलानं पुसून ठेवला होता. महाडहून माणसं आली. त्यात एक म्हातारी आली होती, नातवाच्या आधारानं, आणि ती दारातच थबकली. प्रितमनं पाण्यातून काढलेली तीच ती. एवढ्या वर्षांत ह्या घराची पायरी चढायचा तिला धीर झाला नव्हता. जानकीबाई स्वतः उठली, तिला आत आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

गाथा सुरू झाल्या. जानकीबाईनं तांब्या उचलला. दीक्षानं आईच्या हाताला हात लावला, दोघींनी मिळून धार सोडली. पाणी वाटीत पडत राहिलं, वाटी भरली, भरून खाली ताटात सांडायला लागली. गुरुजींच्या गाथा संपल्या तरी जानकीबाईची धार चालूच होती. कुणी तिला थांबवलं नाही. तांब्या रिकामा झाला तेव्हा तिनं तो खाली ठेवला, पदरानं हात पुसले आणि माणसांना जेवायला वाढा म्हणून सांगितलं.

सगळे जेवून गेल्यावर दीक्षा आणि नूतन पडवीवर भांडी आवरत होत्या. जानकीबाई येऊन खांबाला टेकून बसली. चेहरा उतरलेला, पण डोळे कोरडे. तिनं नूतनला विचारलं, की तुमच्या जाण्याचं काय झालं? नूतननं दीक्षाकडं बघितलं. दीक्षा म्हणाली, आये, आता नाही जायचं, आषाढात मी तुझ्याजवळ राहणार.

“रामेश्वरला किनारे दोन म्हणालीस ना?” जानकीबाई म्हणाली. “आषाढात वारा आत येतो तो कुठला?”

 पुन्हा तेच सुरू झालं की काय, असं दीक्षाला वाटलं. ती सावकाश म्हणाली, “दक्षिणेकडचा. का?”

“मंग तोच धर. नि माझं पण तिकीट काढ.”

दोघींच्या हातातली भांडी हातातच राहिली. वाडीतल्या लोकांना काय सांगणार, देव सोडलेल्या घरातली जानकीबाई म्हातारपणी रामेश्वरला देवाला चालली म्हणून? नूतनच्या तोंडावर तसलं काहीतरी आलंही होतं, पण तिनं ते गिळलं.

“मला दर्याला पाय पण नाय लावायचा,” जानकीबाई म्हणाली. “तू तुझं खेळ. मी काठावर उभी ऱ्हाणार. प्रितम पाण्यात उतरला तवा काठावर आपलं कोणच नव्हतं.”

 दीक्षानं नूतनकडं बघून मान हलवली, आणि नूतननं हात पुसून फोन घेतला आणि तिकिटावर तिघींची नावं टाकली.